टॉलरन्स

तीन पोरं आली उद्यमनगरात,
गळ्यात कॉलेजची कार्डं, हातात गुंडाळलेला कागद.
लेथ चालू होता. मी थांबवला न्हाई.
"काका, स्पर्धा हाय. आपल्या गावातला
एक प्रॉब्लेम शोधायचा आणि सोडवायचा."
म्हणलो, एकच?

कागद पसरला लोखंडी पेटीवर,
चार कोपऱ्यांना चार नट, उडू नये म्हणून.
जयंती नाला. त्यावर आडवी जाळी,
निळे ड्रम तरंगत्यात,
प्लास्टिक अडकणार, पाणी मोकळं पंचगंगेला.
कागदावरचा नाला लई देखणा होता.
कडेला झाड, झाडाखाली माणूस बसलेला.
आमच्या नाल्याकडेला कोण बसतंय, भावा?
नाकाला रुमाल लावून जो तो किक मारतोय.

पिन बत्तीस एमएमची. भोक बत्तीस एमएमचं.
"टॉलरन्स किती?"
तिघं एकमेकांच्या तोंडाकडं.
बत्तीसच्या भोकात बत्तीसची पिन
कागदावर जात्या, माझ्या हातात जात न्हाई.
जगात काय बी अगदी नेमकं नसतंय.
थोडं कमी, थोडं जास्त, किती चालतंय
ते आधी लिवायचं. मग माप.

प्रणोती चौगुलेनं वहीत उतरवून घेतलं.
तौसिफ बागवान चहा घेऊन आला,
माझ्यासाठी बिनसाखरेचा, न विचारता.
त्याच्या बापालाबी शुगर हाय म्हणं.

जाळी लागली. आठ दिवस टिकली.
आषाढात एका रात्रीत सहा फूट चढलं पाणी
आणि दोन्ही टोकांचे बोल्ट
आंब्याच्या देठागत तुटले.
खाली पुलाच्या खांबाला गुंडाळलेली सापडली,
पोटात एक गादी, थर्माकोलचं मखर,
हार, पिशव्या, परत पिशव्या,
आणि अस्सल कापशी चप्पल. डावी.
विश्वतेज चिखलात उभा राहून म्हणाला,
"पाण्याला टॉलरन्स द्यायचा राहिला की, काका."
त्या दिवशी मी त्यांच्याकडनं मजुरी घेतली न्हाई.

मग दोन उभे पाईप, त्यावर सरकणारी कडी.
पाणी चढलं तर जाळी चढणार,
उतरलं तर उतरणार.
पुण्याचे परीक्षक म्हणाले, हे देशभर कसं न्याल?
प्रणोती सांगत होती, "मी बोललो तसं सरांना,
आधी शाहूपुरीच्या पुढं तर जाऊ दे."
नंबर आला न्हाई. सर्टिफिकेट आलं,
त्यात चौगुलेचं चौगले झालेलं.

पोरं सांगायला आली, पेढे घेऊन.
हरल्याचे पेढे मी पहिल्यांदा खाल्ले.
लेथ चालूच होता.
ती म्हणाली, "जाळीत प्लास्टिक अडकतंय,
पण पाण्यावर रंग दिसतोय, जांभळा-हिरवा,
त्यो अडकत न्हाई. कुठनं येतोय काय की."
बोलता बोलता तिची नजर खाली गेली.
टूलवरनं दुधासारखं कुलंट गळत होतं,
ट्रेमधून नळीत,
नळीतून भिंतीपलीकडं.
एकोणीस वर्षं.
पलीकडं काय हाय, मी कधी वाकून बघितलं न्हवतं.

तिनं काय विचारलं न्हाई.
पेढ्याचा बॉक्स बंद केला, नीट, चारी बाजूंनी.
मी लेथ थांबवला.

आता कोपऱ्यात वीस लिटरचा कॅन हाय.
गळ्यापर्यंत भरलाय. मालक रोज विचारतोय,
ह्याचं काय करायचं, कोण नेणार, पैसे कोण देणार.
मला ठाऊक न्हाई.
प्रणोतीला फोन लावला, तर पेपर चालू हायत,
म्हणली, "बारा तारखेनंतर येतो, काका.
तोवर झाकण घट्ट लावा."

लावलंय.
बारा तारखेला थोडं कमी, थोडं जास्त
चालंल मला.