सीटमागची पेटी

मानवतच्या जिनिंगला आग लागली त्या रात्री
तीन बंब तीन रस्त्यांनी आले.
तिन्हींत, ड्रायव्हरच्या सीटमागं, जॅकला खेटून
मीच बसवलेली एकेक पेटी.

मुंजाजीच्या खांद्यावरचा सेट तसा लेचापेचा.
त्याचा आवाज सरकीच्या ढिगामागून निघतो,
पत्र्यावर आपटतो, फाटकापर्यंत येतो
आणि तिथंच दम टाकतो.
परभणीचा टॉवर अजून कितीतरी लांब.
पेटीचं काम एवढंच:
एका लहरीवर ऐकायचं, दुसरीवर जोरात सांगायचं.
शब्दाला हात लावायचा नाही.
तो "पाणी" म्हणाला तर पाणी,
खोकला तर खोकलासुद्धा जसाच्या तसा.

पण पेट्या तीन.
तिघींनी एकदम उचललं
तर कंट्रोलला नुसती शिट्टी ऐकू जाते,
म्हणून त्यांचं आपसात ठरलेलं असतं.
नवी गाडी आली की बारीक टूं काढते,
आधीच्या ऐकतात, मागं सरकतात,
एक होती ती दोन, दोन होती ती तीन.
आपल्याकडं नव्याला पाणी देतात, गादी नाही.
ह्यांच्यात शेवटी आली तीच कारभारीण.
खय्यूमला सांगितलं तर तो म्हणाला,
"आमच्या भावकीत चालवून बघा हे."

त्याचाच बंब शेवटी आला होता.
आणि दोनच्या सुमारास तोच
विहिरीवर पाणी भरायला निघून गेला,
कुणाला न सांगता.
पेटीलाही जाताना निरोप देता येत नाही.

आत मुंजाजीनं बटण दाबलं.
कुणीच उचललं नाही.

मी पाथरीच्या बंबात, लाल दिव्याकडं बघत.
पापणी लवते तेवढाच वेळ असतो तो.
त्याच्यासाठीच मला पगार मिळतो.
शांतता ऐकून आमच्या पेटीनं
तिनाचे दोन केले, सेलूच्या पेटीनं दोनाचा एक,
आणि सेलूवाली बोलायला लागली:
"...मागची गंजी खालून पेटलीय, पाइप तिकडं घ्या."

पहिला शब्द गेलाच होता.
कंट्रोलवरून अनसूयाबाई म्हणाल्या, परत सांगा.
त्यानं परत सांगितलं. गंजी, पाइप, सगळं.
तो शब्द सोडून.

उजाडलं तेव्हा काळा कापूस रस्त्यावर उडत होता.
सेलूचा बंब गेला, खय्यूम गेला,
आमची पेटी थोडा वेळ वाट बघून
आपोआप नंबर एक झाली,
जवळपास दुसरं कुणी नसताना.

फाटकासमोर चहा घेताना मुंजाजीला विचारलं,
तेवढा पहिला शब्द काय होता रे?
त्यानं बशीत फुंकर मारली.
"शिवी असंल," म्हणाला.
"कुणाला?"
तेही त्याला आठवेना.