उरलेला बोल्ट

तीन महिने फियाटचं इंजिन
पडवीतल्या पोत्यावर सुटं पडलं होतं.
पिस्टन रॉकेलात, रिंगा वहीच्या कागदात,
नट श्रीखंडाच्या डब्यांत, डब्यांवर माझं अक्षर.
काल सगळं जागेवर गेलं.
एक बोल्ट उरला.

चावी फिरवली. घुर्र, घुर्र,
मग कार्बोरेटरमधून एकदम फाट्!
निंबावरचे कावळे थेट डवरगावच्या रस्त्याला.

प्लग काढून पाहिला : ठिणगी निळी.
पेट्रोल येतंय. पुलीची खूण खुणेवर.
पुन्हा चावी. पुन्हा फाट्.
बॅटरी बसत चालली, मीही.

सांजेला गुणवंता भोयर आला,
दुपट्ट्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा.
"पयल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेव.
पुलीले पाना लाव, हळू फिरव. हवा ढकलते का?"

खूण खुणेवर आली.
अंगठ्याला काहीच लागलं नाही.
"आता आखीन एक फेरा."
तीच खूण. आणि या वेळी
आतून कुणीतरी अंगठा वर लोटला.

"खूण दोनदा येते बे,
कामाची एकच. तू रिकामीवर बसोलं."

एकची वायर चारला, तीनची दोनला.
चावी.
खोकलं, निळसर धूर ओकलं,
आणि धरलं.
नलू दारात आली, हात पिठाचे,
काहीतरी म्हणाली, ऐकूच गेलं नाही.

गुणवंता शेंग सोलत होता.
"अन् हा बोल्ट कुठचा?"

मी ॲक्सिलरेटर जरा दाबून धरला.
बंद करायची माझी हिंमत नव्हती.