शेंदरी

नदीचा निळा जरा कमी करा, म्हणाले कुवर साहेब,
लोक घाबरतात.
मी स्लायडर ओढला. गोदावरी
साठ टक्क्यांवर आली, मग चाळीस;
खालचा घाट दिसायला लागला,
खूप धुतलेल्या लुगड्यासारखा.

नासर्डीला जाडी दिली शून्य पूर्णांक तीन.
झूम थोडा मागे घेतला की ती नाहीच.
वास मात्र खिडकीतून येतो.

निळ्या पूररेषेच्या आत एकशे सतरा करडे चौकोन.
करडा बरा असतो,
कुणाचंच घर वाटत नाही.

चहा ठेवताना पगारेमामा स्क्रीनकडे वाकले.
"दुतोंड्या मारुती कुठाय?
पाणी कमरेला का छातीला,
ते कसं कळायचं मग?"

सूचीत तशी ओळ नव्हती.
मी एक ठिपका ठेवला. नारिंगी? नाही.
लाल? ती तर दुसरी पूररेषा.
तांबडा दोनशे तीस, हिरवा ऐंशी, निळा वीस...
"अजून तेल पाहिजे," मामा म्हणाले.

सात वाजले. साहेब गेले.
नदी परत ऐंशीवर नेली,
आणि सेव्ह दाबायच्या आधी
बोटाला काही लागलंय का, बघितलं.