निवेदन

दांडेकर पुलाजवळ, गिरणीच्या वर
पन्नागुरूंच्या खोलीत बैठक.
जिन्यावर पीठ, साड्यांवर पीठ,
इतिवृत्ताच्या वहीवरही.

कादंबरीला कुठल्या वॉर्डात टाकायचं
यावर दवाखान्यात दोन तास गेले.
मग तीही गेली.

निवेदन लिहायला घेतलं.
'मी तिला घेऊन' इथवर आले
आणि क्रियापद अडलं: गेलो? गेले?
"आधारकार्डावर गेलो, घरी गेले,"
बिंदिया म्हणाली,
आणि आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

सुपारी कातरत पन्नागुरू म्हणाल्या,
"आम्ही लिही गं. आम्ही गेलो.
त्यात कोण काय, कळतं का कुणाला?"

खाली गिरणीचा पट्टा थांबला.
एकोणतीस सह्या, चार अंगठे.

सोमवारी महापालिकेत आवक-जावकचा कारकून
मान वर न करता विचारेल,
श्री की श्रीमती?
आम्ही म्हणू, पोच द्या.