आतली कडी

शेवटच्या नव्वद दिवसांसाठी
येरवड्याहून मला सोलापुरात आणलं.
गाडीच्या जाळीतून शहर दिसलं नाही,
आधी वास आला
भिजत घातलेल्या तेंदूच्या पानांचा,
मग कुठूनतरी मागांचा आवाज,
खट खट, खट खट,
जसं कुणी बारा वर्षं
एकच दार वाजवतंय.

मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ग असतो,
सुटण्याआधीचा.
कोडम मॅडम पर्स गेटवर ठेवून येतात,
खडूचा डबा तेवढा आत येतो.
आम्ही सातजणी, एक सतरंजी.
पहिल्या दिवशी विचारलं,
बाहेर काय काय बदललं असेल?
कस्तुरा म्हणाली, एसटीचं तिकीट.
हुसेनबी म्हणाली, माझा मुलगा.
मी म्हणाले, काही नाही.
खोटं नव्हतं ते.
मी थांबले म्हणजे सगळंच थांबलं असणार,
असं धरून चालले होते.

पुठ्ठ्याचा मोबाइल, पुठ्ठ्याचं एटीएम.
चार आकड्यांचा पिन, मॅडम सांगतात,
कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही.
इतकी वर्षं माझं नावच नंबर होतं,
रोज दोनदा ओरडून सगळ्या बरॅकीला ऐकवलेलं.
आता हा एक नंबर
माझा एकटीचा.
पदराखाली हात घेऊन मी तो पुठ्ठ्यावर दाबला.

राग आला तर दहापर्यंत मोजा, म्हणाल्या.
अहो मॅडम, मी हजार मोजणारी बाई.
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे,
सूप मांडीवर, पोर पाठीशी,
आणि कारखान्यात पोचल्यावर
बोट न लावता बाजूला सारलेली छाट.
तीही मोजलेलीच असायची.
त्या रात्री मी कितीपर्यंत मोजलं होतं
हे कोर्टानंसुद्धा विचारलं नाही.

मग एका शुक्रवारी म्हणाल्या, आज दार.
झाडू-फिनेलच्या खोलीला आतून कडी होती.
जेलर बाईंनी पाच मिनिटं दिली.
एकेकीनं आत जायचं, कडी लावायची,
काढायची, बाहेर यायचं.
कस्तुरा हसत गेली, हसत आली.
हुसेनबी बराच वेळ आलीच नाही,
आली तेव्हा डोळे पुसत होती फिनेलच्या नावानं.

माझी पाळी.
दार लोटलं आणि उभी राहिले,
कुणीतरी लावेल म्हणून.
लावणारं कुणी नव्हतं.
हात दारावरून खालीवर फिरला.
आई दाराला तलुपु म्हणायची,
तो शब्द आठवला, कडी सापडेना.
सापडली तेव्हा गंजलेली,
पण बसली.

अंधार, केरसुण्या, मी.
बाहेरून आवाज आला,
नरसम्मा, उघड गं.
बारा वर्षांत पहिल्यांदा
उघडायला मला सांगत होतं कुणी.
मी लगेच उघडलं नाही.
एवढं कबूल करते.

काल गृहभेटीचा कागद आला.
विडी घरकुलात मुलीकडे जाऊन आल्या मॅडम.
नातेवाईक स्वीकारण्यास तयार आहेत काय,
होय किंवा नाही, असा रकाना.
पुष्पलतानं दोन्ही म्हटलं नाही.
तिनं विचारलं म्हणे,
तिला चहात साखर किती लागते?
मॅडमना हे कुठं लिहावं कळेना,
त्यांनी समासात लिहिलंय,
पेन्सिलीनं, बारीक.

रात्रभर आठवून पाहिलं.
इथं चहा येतो तसा पितात.
त्याआधी पोरीच्या बापाच्या हातचा
कधी मिळाला नाही,
आणि माझ्या हातचा मी उभ्यानं संपवायची,
पानं सुकायच्या आत.

उद्या मंगळवार.
वर्गात विचारणार आहे,
दोन कप आणि साखरेचा डबा
गेटवरून आत आणता येईल का.