शुद्ध कल्याण, एक्केचाळीस मिनिटं

भाच्यानं पडद्यावर तीन दुकानं उघडून दिली
आणि क्लासला गेला.
जाता जाता म्हणाला, मामा, कुठूनही घ्या,
गाणं तेच आहे.

तेच आहे.
एकोणनव्वद साल, नारायण पेठेतल्या शाळेचा हॉल,
बाकं भिंतीला सरकवलेली, सतरंजीवर साठ-सत्तर माणसं,
वत्सलाबाई धोपेश्वरकर, शुद्ध कल्याण.
तबला, पेटी. तानपुऱ्यावर दोघं.
डावीकडचा मी.

पहिल्या दुकानाचं नाव स्वरपेठ.
पुण्यात पेठा कमी होत्या जणू.
बारा रुपयांत गाणं म्हणतात, पण अख्खं नाही,
सहा तुकडे केलेत, दर सात मिनिटांनी सुरी.
गंधारावरून निघालेली मींड तिसऱ्या तुकड्यात,
रिषभावर पोचते ती चौथ्यात.
तिचे वेगळे बारा.

दुसरं नादबाजार. महिना नव्याण्णव,
ऐका हवं तेवढं. पैसे थांबले की गाणी मुकी.
ही भाषा मला समजते.
अकरा-अकरा महिन्यांचे करार करत
मी एरंडवण्यातून दांडेकर पुलाजवळ आलो,
तिथून धायरीत.
भिंतीला खिळा ठोकायचा तर विचारायचं.

तिसऱ्याचं नाव टेपवाला.
ओंगळ पिवळं पान, 'शुध कल्यान' असं लिहिलेलं,
दोनशे चाळीस रुपये,
आणि फाइल एवढी जड
की उतरायला संध्याकाळ होईल.
एकदा घेतली की आपली. जाळा, पुरा, वाटा.

लक्ष्मी रोडवर दिवेकरांचं दुकान होतं.
एक ते चार बंद, आणि चारनंतरही उघडल्याचा आनंद नाही.
पण दोन कॅसेट पुढ्यात ठेवल्या
की एक स्वतःच मागं ओढायचे.
ही नको. हिच्यात तबला उगाच पुढं आलाय.
गिऱ्हाईक पैसे काढत असायचं, तरी.
इथं तारे आहेत. पाचापैकी चार पूर्णांक दोन.
तबल्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

तीस सेकंद फुकट ऐकू देतात.
हेडफोन लावले.

नादबाजारनं जुनी टेप धुऊन काढलीय.
बाईंचा आवाज घासलेल्या पितळेसारखा लखलखीत.
हॉलमधल्या पंख्याची घरघर गेली,
आणि त्याच पोत्यात बांधून
दोन्ही तानपुरे गेले.
बाई अधांतरी गातायत.
डावीकडं कुणी नाही.

टेपवाल्याचे तीस सेकंद सुरू होतात
नेमके एकोणिसाव्या मिनिटाला.
पंखा आहे. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारतंय.
आणि तिथंच,
जवारीचा दोरा सरकलाय,
माझा पंचम केसभर उतरलाय.
बाईंनी मान वळवली नव्हती.
मांडीवरची दोन बोटं फक्त माझ्या दिशेनं हलली.
मी लावून घेतला, गाणं चालू असतानाच.
दोन आवर्तनं गेली असतील,
मला वाटलं होतं, अख्खी रात्र.
रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या,
हवा गार होती रे, तार उतरते.

तानपुरेवाल्यांची नावं तिन्ही दुकानांत नाहीत.
असायची पद्धतही नाही.

दुपारभर मी हिशेब केला.
सहा बारे बहात्तर.
नव्याण्णव, आणि पुन्हा नव्याण्णव.
दोनशे चाळीस म्हणजे अर्ध्या महिन्याचं दूध.
नादबाजारात ती चूक कुठंच नाही,
स्वच्छ झालोय मी तिथं, पार नाहीसा होईपर्यंत.

कार्डाचा नंबर दोनदा चुकला.
मग पट्टी हलायला लागली,
सहा टक्के, नऊ टक्के.

भाचा आला तेव्हा अंधार पडला होता.
कुठलं घेतलंत?
महागातलं.
त्यानं एक बोंडूक स्वतःच्या कानात घातलं,
मान डोलावत राहिला,
एकोणिसाव्या मिनिटाला कपाळावर आठी आली.

मामा, टेप खराब आहे का?

नाही, म्हटलं,
टेप चांगली आहे.