शिल्लक नऊ

तिनं पर्समधून काढून टेबलावर ठेवली
रबरबँड लावलेली सात पुडकी,
प्रत्येकावर चिठ्ठी: तारीख, आकडा, सही.
सोमवार एकशे बेचाळीस. मंगळवार एकशे साठ.
बुधवारी न्हाली होती, तीनशे अकरा.
"दोनदा मोजलेत, डॉक्टर."

हेमांगी भोईर, वय एकेचाळीस,
खारेगावातल्या पतपेढीत कॅशियर.
टेबलाच्या अलीकडे मी,
ज्याच्या टाळूवर पंख्याचं प्रतिबिंब फिरतं.
केस गळतात म्हणून आलेले निम्मे लोक
मला बघून "खोकल्याचं औषध द्या" म्हणतात.
हे मी तिला सांगितलं. ती हसली नाही.

कांद्याचा रस लावून झाला होता,
जावेनं दिलेलं जास्वंदीचं तेल,
टीव्हीवरचा शाम्पू, अडीच हजारांचा.
कांद्याचा वास अजून होता.

खिडकीशी बसवलं, उजेडात.
भांग पुढे-मागे सारखाच.
चट्टा नाही, खवडा नाही, कातडी स्वच्छ.
भुवया जागेवर. नखं मात्र पांढुरकी,
चमच्यासारखी जराशी खोलगट.
चिमटीत साठेक केस धरले,
सुईतला दोरा काढावा तितक्याच जोरानं ओढले.
अकरा हातात आले,
प्रत्येकाच्या बुडाशी पांढरा ठिपका, खसखशीएवढा.

"हे केस आज गेलेले नाहीत," मी म्हणालो.
"यांनी तीन महिन्यांपूर्वीच राजीनामा दिलाय,
नोटीस पिरियड आत्ता संपतोय.
मार्चमध्ये काय झालं होतं?"

"काही नाही."
ताप? "नाही." ऑपरेशन?
"नाही." पाळी?
"जास्त जाते. पण ती नेहमीचीच."
घरात कुणी...? "सगळे ठीक."
मी पेन खाली ठेवलं.
बाहेर कंपाउंडर कुणाला तरी नंबर विचारत होता.
तिनं बोटांवर मोजलं: जून, मे, एप्रिल.

"मार्चअखेरीला कॅश कमी आली.
अठ्ठावीस हजार.
मी मोजली होती हो. दोनदा."

दोन बांगड्या गेल्या. घरी सांगितलं, लॉकरमध्ये आहेत.
रात्रीचं जेवण सुटलं.
मुलांना वाटलं, आई डाएटवर आहे.
नणंद म्हणाली, बारीक झालीस, छान दिसतेस.

विटाव्याच्या लॅबचा कागद चौथ्या दिवशी आला.
थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ.
फेरिटिन नऊ.
एरवी हे समजावताना माझी जीभ अडखळते.
"हिमोग्लोबिन म्हणजे गल्ल्यातली रोकड," मी म्हणालो,
"फेरिटिन म्हणजे ठेव.
तुम्ही ठेव मोडून गल्ला चालवताय.
अशा वेळी शरीर हृदयाचा पगार थांबवत नाही,
केसांचा थांबवतं."
ती पहिल्यांदाच सरळ बसली.
"म्हणजे तूट माझ्यातच आहे."
"आहे. पण चोरी तुमची नाही."

लोहाची गोळी, दिवसाआड, लिंबाच्या पाण्याबरोबर.
चहा दोन तास लांब.
शौचाला काळं होईल, घाबरू नका.
पाळीसाठी एक सोनोग्राफी.
रात्री भाकरी, पोटभर, यावर चर्चा नाही.
तेल हवं तर लावा,
तेलाला यातलं काही माहीत नसतं.
अजून दोनेक महिने गळतील. मोजू नका.
मोजू नका, हे मी एका कॅशियरला सांगत होतो.

गौरी गेल्यावर आली. पुडकी नव्हती.
कपाळाच्या कडेनं पेरभर केस,
उभे, आडदांड, क्लिपला न जुमानणारे.
"हे बसतच नाहीत," ही नवी तक्रार.
ठेव बावीसवर गेली होती.

"आणि ते अठ्ठावीस हजार?"

ती भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत राहिली.
"शेजारच्या काउंटरला एक नवा मुलगा होता.
मे महिन्यात त्याचं लग्न झालं.
पत्रिका द्यायला घरी आला होता,
पाया पडला."
हे मी केसपेपरवर लिहिलं नाही.

तिनं पाचशेची नोट दिली, मी तीनशे परत केले.
तिनं मोजले.
दाराशी थांबून पुन्हा मोजले.